जुनं डिस्को, फंक, इलेक्ट्रॉनिक संगीत शोधताय? या चुका टाळा

ऐंशीच्या दशकात खेड, चिपळूण, श्रीवर्धनकडची कितीतरी माणसं आखातात कामाला होती, कुणी बोटीवर होते. सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला संच, असायचा आणि त्याच्यासोबत कॅसेटी. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी मुंबईहून तबकड्या आणल्या. म्हणून दुर्मिळ डिस्को फक्त मुंबईच्या चोरबाजारात मिळतं असं धरून बसणं ही पहिली चूक. आधी स्वतःच्या घरचा पोटमाळा बघा, मग वाडीतल्या लोकांना विचारा. जुन्या बेंजो पार्टीत वाजवलेल्या माणसांना तर नक्की विचारा. नवी चाल बसवायला ते कॅसेट पुन्हापुन्हा लावून ऐकत, त्यामुळे कोणत्या घरी काय होतं हे त्यांना आठवतं.

उन्हात वाळवू नका

मे महिन्यात आपण सगळंच वाळवतो, आणि त्याच ओघात दमट वासाच्या तबकड्याही अंगणात मांडल्या जातात. व्हिनाइल तबकडी कडक उन्हात वाकते. एकदा लाटेसारखी झाली की ती घरच्या घरी सरळ होणं जवळपास अशक्य. कौलांखालच्या माळ्यावरही ती ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते आणि पावसात गळती. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कपाटात उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालच्या तबकड्यांवर वरचा भार येतो.

कॅसेटचं दुखणं वेगळं. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चालू डेकमध्ये घालायची नाही, म्हणजे नाहीच. बुरशी हेडवर आणि रबरी रोलरवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवून ती पूर्ण कोरडी होऊ द्या. मग नाकातोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या कापडाने भुकटी पुसा. वाजवायला एखादा जुना डेक फक्त अशा कॅसेटींसाठी वेगळा ठेवा. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवली तर चिकटलेले वेढे सुटतात. आवाज मंद, मध्येच गायब होत असेल तर टेपमागची फेल्टची छोटी गादी गळून पडलेली असते. कॅसेटचं खोकं स्क्रूचं असेल तर उघडून टेप दुसऱ्या चांगल्या खोक्यात घाला. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी कॅसेट फेकून देणारे लोक बघून खरंच वाईट वाटतं.

पेटीत ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्याही निघतील. त्यांना स्पिरिट लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

रेकॉर्डिंग करताना

टर्नटेबलची तार थेट साध्या इनपुटला लावली तर आवाज बारीक येतो आणि बास जवळजवळ नसतोच. मधे फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवून बास परत आणणारी छोटी पेटी, हवा. फंक ज्या बासवर उभं आहे तोच गेला तर उरलं काय? घुंऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थची बारीक तार अँपला जोडली आहे का बघा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तिथेच सुटका होते.

पातळी शून्य डेसिबलला टेकू देऊ नका, सर्वात मोठा ठोका उणे सहाच्या आसपास राहू दे. आवाजातलं काहीही न गाळणारी वेव्ह किंवा फ्लॅक फाइल ठेवा, एमपीथ्री नंतर करता येते. आणि खरखर काढणारा फिल्टर हात राखून वापरा. डिस्कोचा जीव हाय-हॅटच्या (ड्रमसोबतच्या जोड झांजांच्या) चिकचिकीत आहे, आणि हा फिल्टर खरखरीसोबत आधी तिलाच खातो. थोडी खरखर राहिली तरी चालेल. मूळ, काहीही न केलेली फाइल कायम वेगळी ठेवा.

कव्हरवर छापलंय म्हणून खरं मानू नका

आखातातून आलेल्या पुष्कळ कॅसेटी चोरून छापलेल्या असत. नावं चुकीची, गाण्यांचा क्रम वेगळा, कधी एका कलाकाराच्या नावाखाली दुसऱ्याचंच गाणं. गाणं ऐकून ओळखणाऱ्या शाझम अ‍ॅपला विचारावं तर तो गप्प, कारण डेकचा पट्टा सैल होऊन गती उतरलेली असते. आधी ओळखीचं गाणं लावून डेकची गती ठीक करा, मग शाझम लावा. तरीही जुळलं नाही तर गोव्याची आठवण ठेवा. हणजूणच्या पार्ट्यांत ऐंशीच्या दशकात डीजे कॅसेटीच वाजवत आणि गाण्यातले शब्द कापून फक्त ठेका-धून जोडून घेत. अशी कॅसेट हाती लागली तर तिची मूळ आवृत्ती जशीच्या तशी कुठेच सापडणार नाही.

गायकाच्या फोटोवरूनही अंदाज बांधू नका. बोनी एमच्या रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज मंचावर नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा नसून निर्माता फ्रँक फॅरियनचा आहे. इटलीच्या डिस्कोत डेन हॅरो या नावामागे चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्यांचे होते. तबकडी असेल तर लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक बघा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या ऑनलाइन सूचीवर शोधायला त्यासारखा भरवशाचा धागा नाही.

मोठे दावे करण्याची चूक तर सगळीकडे दिसते. चित्रपटसंगीतात वादक म्हणून नाव कमावलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ठेक्याचं आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्याच ३०३चा आवाज शिकागोच्या फ्युचर या गटाने १९८७ च्या रेकॉर्डवर वापरला आणि तिथून अ‍ॅसिड हाउस हा इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा प्रकार फोफावला. म्हणून "अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला" असं लिहून मोकळं होऊ नका. चरणजित सिंगांचं काम आधीचं आहे, थोर आहे, पण शिकागोच्या पोरांनी ते ऐकल्याचा पुरावा नाही. त्यांना मोठं करायला खोट्या वंशावळीची गरज नाही.

वाटताना

नाव लपवून "ओळखा पाहू" करत गाणं फिरवणं मला अजिबात पटत नाही. अशाने गाणं पसरतं आणि कलाकार मागेच राहतो. फाइलच्या नावातच कलाकार, गाणं, कंपनी, वर्ष लिहा, लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा, कॅसेट कोणत्या गावात मिळाली तेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज करू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रेकॉर्डिंगचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८२ चा अल्बम २०४२ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. चरणजित सिंगांचा अल्बम २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या रेकॉर्ड कंपनीने आणि रूपा बिस्वास यांचा १९८२ चा 'डिस्को जॅझ' २०१९ मध्ये न्युमेरो ग्रुप या कंपनीने पुन्हा काढला. असं काही हाती लागलं तर आपली फाइल चढवण्याऐवजी अधिकृत दुवा पाठवा. जे कुठेच पुन्हा निघालेलं नाही, त्याचा तुकडा ऐकवा आणि सोबत लिहा, "या वादकांना ओळखत असाल तर कळवा." त्या काळातल्या बहुतेक कव्हरांवर वादकांची नावं छापलीच नव्हती, आणि ती सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.