फाइल कोण पुसून राहिलं? चालू कर्नलला केप्रोब लावून कसं शोधावं

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटात एका अडत्याच्या ऑफिसात लिनक्सचा जुना सर्व्हर आहे. आंबिया बहाराची संत्री येऊ लागली की दिवसभर हिशेबपट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीची पीडीएफ फाइल एका फोल्डरमध्ये पडत जाते. संध्याकाळी मुनीमजींचा फोन येतो, "साहेब, दुपारच्या पट्ट्या दिसून नाही राहिल्या." बिलिंग सॉफ्टवेअरवाला म्हणतो, आमचा प्रोग्राम काही पुसत नाही. बॅकअपवाला म्हणतो, आम्ही फक्त वाचतो जी. लॉगमध्ये काही सापडत नाही, कारण कोणी फाइल पुसली याची नोंद लिनक्स आपणहून ठेवत नाही.

अशा वेळी माणसांना विचारण्यात अर्थ नसतो, कर्नलला (लिनक्सचा गाभा असलेल्या प्रोग्रामला) विचारावं. प्रोग्राम कोणताही असो, या मशीनवरची फाइल पुसायची तर त्याला कर्नलमधल्या ठरावीक फंक्शनमधून जावंच लागतं. मशीन बंद न करता आणि कर्नल पुन्हा कंपाइल न करता त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे तिथे पोचताच अडवणारी खूण, बसवता येतो. या सोयीचं नाव केप्रोब. आयबीएमच्या डीप्रोब्स या कामातून ती पुढे आली आणि २००४ साली २.६.९ या आवृत्तीत मुख्य लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाली.

एक सूचना आधीच देतो. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

आत काय घडतं

नेहमीच्या डीबगरमधला ब्रेकपॉइंट प्रोग्राम थांबवतो आणि तुमची वाट बघत बसतो. कर्नलला असं थांबवलं तर कीबोर्डपासून नेटवर्कपर्यंत सगळंच थांबेल. म्हणून केप्रोबचा ब्रेकपॉइंट थांबत नाही. तो नोंद घेतो आणि गाडी पुढे सोडतो.

एक्स८६ प्रोसेसरवर हे असं होतं. ज्या सूचनेवर (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनवर) प्रोब लावायचा तिची एक प्रत कर्नल बाजूला काढून ठेवतो आणि मूळ जागेचा पहिला बाइट बदलून तिथे इंट३ ही ब्रेकपॉइंटची सूचना लिहितो. इंट३ मुद्दामच एका बाइटची आहे. एक्स८६ वर सगळ्यात छोटी सूचना एका बाइटची असते, त्यामुळे इंट३ कुठेही बसवली तरी शेजारच्या सूचनेला धक्का लागत नाही. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो (चालू काम मध्येच अडवलं जातं), सगळी रजिस्टरं जतन होतात आणि ताबा केप्रोबकडे येतो. आधी तुमचा हँडलर (प्रोब लागल्यावर चालायचं फंक्शन) चालतो, मग बाजूला ठेवलेल्या प्रतीवरून मूळ सूचनेचं काम उरकलं जातं आणि कर्नल आपल्या वाटेने पुढे जातो. ज्या प्रोग्राममुळे हे घडलं, त्याला याचा पत्ताही लागत नाही.

हे फुकट मात्र नाही. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात २००५ च्या सुमाराच्या प्रोसेसरवर एका प्रोबचा खर्च ०.५ ते १ मायक्रोसेकंद दिला आहे. शक्य असेल तिथे कर्नल इंट३ च्या जागी सरळ जंप टाकतो, तेव्हा हाच खर्च ०.०७ ते ०.१ मायक्रोसेकंदावर येतो. बऱ्याच नव्या कर्नलमध्ये फंक्शनच्या अगदी सुरुवातीला लावलेला प्रोब एफट्रेस या कर्नलच्याच ट्रेसिंगच्या यंत्रणेवर चालतो आणि तिथे इंट३ लागतच नाही. फाइल पुसण्यासारख्या कधीमधी होणाऱ्या कामासाठी हा खर्च नगण्य आहे. सेकंदाला लाखो वेळा चालणाऱ्या फंक्शनवर प्रोब टाकलात तर मात्र मशीन रडेल.

पहिली पायरी: तयारी

पहिल्यांदाच करत असाल तर आधी व्हर्च्युअल मशीनवर करा. खऱ्या सर्व्हरला हात लावायचाच असेल, तर सकाळचा लिलाव आणि पट्ट्यांची गर्दी आटोपल्यावर लावा.

बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडून केप्रोब्स आणि केप्रोब_इव्हेंट्स या दोन्हींपुढे वाय आहे का ते बघा. नेहमीच्या वितरणांत असतोच. मग रूटचं (सगळे अधिकार असलेल्या युजरचं) शेल उघडा (सुडो -एस) आणि या फोल्डरमध्ये जा:

सीडी /सिस/कर्नल/ट्रेसिंग

नुसतं सुडो एको लिहून पुढे बाणाने फाइलमध्ये लिहायला गेलात, तर परवानगी नाकारली जाईल. बाणाचं काम तुमचं साधं शेल करतं, सुडो करत नाही. इथे अनेक जण अडकतात आणि दोष केप्रोबला देतात.

दुसरी पायरी: जागा निवडणं

खरं काम हे आहे. प्रोब लावायला एक ओळ पुरते, ती कुठे लावायची हे ठरवायला डोकं लागतं.

ग्रेप अनलिंकॅट /प्रॉक/कॅलसिम्स

या यादीत डू_अनलिंकॅट दिसेल. अनलिंक आणि अनलिंकॅट या फाइल पुसायच्या दोन्ही सिस्टिम कॉलची (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्यांची) वाट याच फंक्शनमधून जाते, म्हणून आपल्याला हे सोयीचं. कर्नलच्या आतली फंक्शनं म्हणजे कोणाला दिलेलं वचन नव्हे. आवृत्ती बदलली की नाव किंवा आर्ग्युमेंटं बदलू शकतात, म्हणून आपल्याच मशीनची यादी बघावी, इंटरनेटवरून उचललेल्या ओळीवर विसंबू नये. कंपायलरने एखादं छोटं फंक्शन दुसऱ्याच्या पोटात घातलं असेल, तर ते यादीत दिसणारच नाही आणि त्यावर प्रोबही बसणार नाही. काही नावांना इसरा किंवा कॉन्स्टप्रॉप अशी शेपटी लागलेली दिसते. तीही कंपायलरचीच करामत. तिथे आर्ग्युमेंटांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

डू_अनलिंकॅटच्या जाळ्यालाही भोकं आहेत. जुन्या फाइलवर नवी फाइल रीनेम करून टाकली तर जुनी जाते, पण हे फंक्शन चालत नाही. त्यासाठी डू_रीनेमॅट२ वर वेगळा प्रोब लावा. फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायच्या सोयीने) वाटलेलं असेल, तर समोरच्या मशीनवरून पुसलेली फाइल सर्व्हरवर थेट व्हीएफएस_अनलिंकपाशी पोचते. मग तुम्ही डू_अनलिंकॅटवर रात्रभर पहारा दिला तरी हाती काही लागायचं नाही. विंडोज मशीनना फोल्डर वाटणाऱ्या सांबाचं तसं नाही, तो साधा प्रोग्राम असल्याने नेहमीच्या वाटेनेच येतो.

तिसरी पायरी: प्रोब लावणं

एको 'पी:पुसली डू_अनलिंकॅट डीएफडी=$आर्ग१:एस३२ नाव=+०(+०($आर्ग२)):स्ट्रिंग' >> केप्रोब_इव्हेंट्स

पी म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीचा प्रोब. पुसली हे आपण ठेवलेलं नाव. पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे फोल्डरचा क्रमांक, तो ३२ बिटांची चिन्हासह संख्या म्हणून वाचायचा. दुसरं आर्ग्युमेंट हे एका स्ट्रक्चरचा पत्ता असतं आणि त्या स्ट्रक्चरच्या पहिल्याच घरात फाइलच्या नावाचा पत्ता असतो. म्हणून दोनदा +० लिहावं लागतं: एकदा स्ट्रक्चरमध्ये शिरायला, दुसऱ्यांदा अक्षरांपर्यंत जायला.

दोन गोष्टी सांभाळा. अवतरणचिन्ह एकेरीच हवं. दुहेरी दिलंत तर शेल डॉलरचं भलतंच काही करून बसेल. आणि बाण दुहेरी हवा. एकेरी बाणाने लिहिलंत तर आधी लावलेले सगळे प्रोब पुसले जातात, एक शब्दही न बोलता. ओळ नाकारली गेली तर याच फोल्डरमधली एरर_लॉग फाइल वाचा. नेमकं कोणत्या अक्षरापाशी अडलं हे ती खूण करून दाखवते.

आता चालू करा आणि बघत बसा:

एको १ > इव्हेंट्स/केप्रोब्स/पुसली/एनेबल
कॅट ट्रेस_पाइप

चालू मशीनवर तात्पुरत्या फाइली सतत पुसल्या जात असतात, त्यामुळे पडद्यावर बराच कचरा येईल. गाळणी लावा:

एको 'नाव ~ "*.पीडीएफ"' > इव्हेंट्स/केप्रोब्स/पुसली/फिल्टर

इथे फोल्डरच्या पूर्ण पत्त्यावर गाळणी लावायचा मोह होतो. टाळा. कर्नलला नाव तसंच मिळतं जसं प्रोग्रामने दिलं, आणि फोल्डरच्या फोल्डर साफ करणारे प्रोग्राम बहुतेकदा फक्त फाइलचं नाव देतात. उदाहरणार्थ, अशी ओळ येईल:

फाइंड-४१२७ [००२] ९१२३.५५८२१०: पुसली: डीएफडी=५ नाव="पट्टी_२२७.पीडीएफ"

डावीकडून वाचा: प्रोग्रामचं नाव, त्याचा प्रोसेस क्रमांक, कोणत्या सीपीयूवर, आणि मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद. डीएफडी ५ म्हणजे त्या प्रोसेसने आधीच उघडून ठेवलेलं पाचव्या क्रमांकाचं फोल्डर. तिथे -१०० दिसलं, तर साधं नाव त्या प्रोसेसच्या चालू फोल्डरपासून मोजायचं. नाव पूर्ण पत्त्यासह आलं असेल तर या क्रमांकाला अर्थ उरत नाही.

चौथी पायरी: फाइंड कोणी चालवला?

फाइंड सापडला, पण तो हुकमाचा ताबेदार. तुम्ही ओळ वाचेपर्यंत ४१२७ क्रमांकाची प्रोसेस मरूनही गेलेली असते. म्हणून प्रोसेसांच्या जन्माची नोंदही सोबत घ्यावी. त्यासाठी नवा प्रोब नको, कर्नलमध्ये कायमचे ट्रेसपॉइंट (नोंद घ्यायच्या तयार जागा) आहेतच:

एको १ > इव्हेंट्स/शेड/शेड_प्रोसेस_फोर्क/एनेबल
एको १ > इव्हेंट्स/शेड/शेड_प्रोसेस_एक्झेक/एनेबल

फोर्कच्या ओळीत आई आणि मूल दोघांची नावं व क्रमांक असतात, एक्झेकच्या ओळीत कोणती फाइल चालवली ते असतं. ४१२७ वरून उलटं जात राहा: फाइंडच्या वर शेल, शेलच्या वर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम), आणि मध्ये कुठेतरी त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. आमच्या कल्पनेतल्या सर्व्हरवर ती जागा मोकळी करणारी जुनी स्क्रिप्ट निघते. ३० दिवसांहून जुन्या फाइली काढायच्या होत्या, पण लिहिणाऱ्याने एमटाइमऐवजी एममिन लिहिलं. त्यामुळे ३० मिनिटांहून जुनी प्रत्येक पट्टी क्रॉनच्या पुढच्या फेरीत साफ. बिलिंगवाला खरं बोलत होता, बॅकअपवालाही.

एवढ्या एका प्रश्नासाठी लिनक्सचं ऑडिटही (सिस्टिम कॉलची नोंद ठेवणारी सोय) चाललं असतं. फाइलींतल्या बदलांची खबर देणारं आयनोटिफाय मात्र नाही, ते काय झालं ते सांगतं, कोणी केलं ते सांगत नाही. पण केप्रोब हाताशी असला की प्रश्न फाइलींपुरता राहत नाही. डिस्क का रखडते, एखादा ड्रायव्हर कोणता एरर परत देतो, हेही त्याच पद्धतीने विचारता येतं.

परत येताना काय उत्तर मिळालं

पुसण्याचा प्रयत्न झाला म्हणजे फाइल पुसली गेलीच असं नाही. फंक्शनमधून परत येताना प्रोब लावायचा तर पी च्या जागी आर लिहा:

एको 'आर:उत्तर डू_अनलिंकॅट निकाल=$रेटव्हॅल:एस३२' >> केप्रोब_इव्हेंट्स

हाही इव्हेंट्स/केप्रोब्स/उत्तर मधल्या एनेबलमध्ये १ लिहून चालू करायचा. निकाल ० आला तर काम झालं, -२ म्हणजे अशी फाइलच नाही, -१३ म्हणजे परवानगी नाही. एकाच वेळी खूप प्रोसेस त्या फंक्शनमध्ये असतील तर काही नोंदी हुकू शकतात. केप्रोब_प्रोफाइल या फाइलमध्ये प्रत्येक प्रोब किती वेळा लागला आणि किती वेळा हुकला ते दिसतं. कोणावर ठपका ठेवण्याआधी हुकलेला आकडा जरूर बघा.

आवरणं

आधी प्रत्येक एनेबलमध्ये ० लिहा, मग प्रोब काढा:

एको '-:पुसली' >> केप्रोब_इव्हेंट्स

उत्तर हाही असाच काढा. चालू असलेला प्रोब काढायला गेलात तर कर्नल व्यस्त असल्याचं सांगून नकार देईल. शेवटी /सिस/कर्नल/डीबग/केप्रोब्स/लिस्ट ही फाइल रिकामी आहे का ते बघा. मशीन रीस्टार्ट केलं तरी हे प्रोब जातात, पण बाजाराच्या दिवसात ती सवय लावून घेऊ नका.

स्वतःचा हँडलर हवा असेल तर

नोंदीपलीकडे काही करायचं असेल, म्हणजे मोजणी, अटी किंवा दोन घटनांची सांगड, तर आधी बीपीएफट्रेस वापरून बघा, त्यात प्रोबसाठी छोट्या स्क्रिप्ट लिहिता येतात. तुमचा कोड चालवण्याआधी कर्नल तो तपासून घेतो, त्यामुळे चूक झाली तरी मशीन सहसा झोपत नाही. सी भाषेतलं मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये चढवायचा कोड) हा त्यानंतरचा मार्ग. शिकण्यासाठी तो उत्तम आहे, आणि कर्नलच्या सोर्समध्ये सॅम्पल्स फोल्डरात केप्रोबचं तयार उदाहरणही आहे.

मॉड्यूलमध्ये स्ट्रक्ट केप्रोब भरायचा: सिंबॉल_नेममध्ये फंक्शनचं नाव, प्री_हँडलरमध्ये तुमचं फंक्शन. त्याला रजिस्टरांचा संच मिळतो. ६४ बिटांच्या एक्स८६ वर पहिलं आर्ग्युमेंट डीआय मध्ये, दुसरं एसआय मध्ये. हँडलरने शेवटी ० परत द्यावा. हँडलरमध्ये झोपायचं नाही: वाट बघायला लावणारं लॉक नाही, थांबू शकेल अशी मेमरीची मागणी नाही. केप्रोबच्या स्वतःच्या यंत्रणेत लागणाऱ्या फंक्शनांवर प्रोब लावू दिला जात नाही, त्यांची यादी ब्लॅकलिस्ट या फाइलमध्ये लिस्टच्या शेजारीच असते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल बहुतेक वितरणांत चढतच नाही.

रजिस्टर_केप्रोबने काय परत दिलं ते तपासा. ऋण आकडा आला तर मॉड्यूलच्या सुरुवातीच्या फंक्शननेही तोच परत द्यावा, म्हणजे प्रोब नसलेलं मॉड्यूल उगाच चढून बसणार नाही. आणि बाहेर पडणाऱ्या फंक्शनमध्ये अनरजिस्टर_केप्रोब लिहायला विसरू नका. मॉड्यूल मेमरीतून गेलं आणि ब्रेकपॉइंट मागे राहिला, तर पुढची फाइल पुसली जाताना कर्नल नसलेल्या हँडलरवर उडी मारेल आणि सर्व्हर जागच्या जागी बसेल.