ऑनलाइन खेळातली प्रेमकथा दुसऱ्यांदा पाहताना

‘रिकव्हरी ऑफ ॲन एमएमओ जंकी’ ही 2017 सालची जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका मूळ 10 भागांची आहे. एमएमओ म्हणजे एकाच वेळी असंख्य जण मिळून खेळतात असा ऑनलाइन खेळ. त्यामुळे खानापूर-बेळगावकडे आषाढाची झड लागून बाहेर पडणे नकोसे झाले, की दोन संध्याकाळींत ती निवांत पुन्हा पाहून होते. पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने भाग आधीच उतरवून ठेवावेत आणि मोबाईल पूर्ण चार्ज करावा.

नोकरी सोडून घरी बसलेली तिशीची मोरिको खेळात हायाशी नावाचा तरुण होते, तर तिथे तिला सांभाळून घेणारी लिली ही प्रत्यक्षात साकुराई नावाचा नोकरदार पुरुष असते. हे गुपित आता ठाऊक असल्याने लिलीच्या प्रत्येक संदेशामागे साकुराईचा संकोच शोधावा. खरी गंमत तिथेच आहे. चुकून साकुराईचे कोपर मोरिकोच्या तोंडावर बसते, तो प्रसंग तर थांबवून पुन्हा पाहावा, कारण खेळात मनमोकळे बोलणारी ही दोघे समोरासमोर येताच किती अवघडतात, हे तिथे नेमके दिसते.

साकुराईचा सहकारी कोइवाई याचा आगाऊपणा पहिल्यांदा खटकला असेल, तरी या वेळी त्याला थोडे झुकते माप द्यावे, कारण त्याने ढकलले नसते तर ही दोघे जागची हलली नसती. संवादाच्या ओळी वाचायच्या असल्याने शेजारी चिरमुऱ्यांपेक्षा वाटीभर कुंदा बरा. जोडीचा जादा भाग निव्वळ विनोदी आहे. तो शेवटी पाहावा किंवा खुशाल सोडून द्यावा.