पहिलीचा वर्ग मिळाला का? आधी चिंचोके जमवा

नवीन शिक्षणसेवकांना बहुतेक पहिलीच मिळते, त्यात आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उघडायलाच जूनचा शेवट येतो, म्हणून सगळे आल्या आल्या फळ्यावर १ ते १०० लिहून मोकळे होतात. तसं करू नका बाप्पा.

पालक पहिल्याच दिवशी सांगतात, "सर, आमच्या पोट्ट्याले शंभरलोक उजळणी येते." येतेच, अंगणवाडीत घडाघडा म्हणून आलेलं असतं, पण त्याच्यासमोर सात चिंचोके ठेवून मोजायला सांगा. तोंड पुढे पळते, बोट मागे राहते, एखादा चिंचोका दोनदा मोजला जातो नाहीतर सुटतोच. समजा बरोबर सातपर्यंत आलं, आता विचारा "मग किती झाले?" तर ते पुन्हा एकपासून सुरू करते! म्हणजे शेवटी जो आकडा आला तेवढेच सगळे मिळून आहेत, हे अजून डोक्यात बसलेलं नाही. तेच चिंचोके जरा लांब लांब मांडले की म्हणते, "आता जास्त झाले." हा मठ्ठपणा नाही, या वयात असंच असते, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हेच नोंदवून ठेवलंय.

माझ्या मते खरी टेस्ट एकच, "मले पाच दे." मूठभर उचलून दिले तर पाच अजून यायचंय. तीनपर्यंत मुलं न मोजताच नजरेनं ओळखतात, सुरुवात तिथून करा आणि दहाच्या आत भरपूर रेंगाळा. निपुण भारतचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं, टार्गेट तिसरीअखेरचं आहे, पहिल्या महिन्याचं नाही. घरी कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या लेकरांना आधी त्यांच्या भाषेत मोजू द्या.

लिहिणं सावकाश. ३ आणि ६ उलटसुलट होणारच. पुढे पंचवीस ऐकून ५२ लिहितात कारण आपण पाच आधी बोलतो ना, २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस पाच असं दिलं तर केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खोटी नव्हती.

आणि हो, मोजायला तुरीचे दाणे देऊ नका, पोट्टे नाकात घालतात.