उन्हात व्यायाम करताना गाणी कशी लावायची

गाण्यांनी अंग थंड होत नाही, हे आधी डोक्यात फिट करा. गाणी लावली की दमणूक कमी जाणवते एवढंच, आतलं तापमान वाढायचं ते वाढतंच, आणि उन्हात गोची तिथेच होते कारण शरीर थांब म्हणत असतं आणि आपण पुढच्या बीटवर अजून जोर लावतो.

म्हणून प्लेलिस्ट जरा डोकं लावून बनवा. वॉर्मअप सावलीत करा, त्याला हळू गाणी. मेन भागाला मिनिटाला १२०-१४० बीट्सची चालतात, पण उन्हाळ्यात मी तरी १२० च्या आसपासच थांबेन, कारण गरमीत त्याच स्पीडला हार्टरेट जास्त असतो, रक्त स्नायूंबरोबर त्वचेकडेही पाठवावं लागतं ना. स्पीड गाण्यावर नाही, हार्टरेटवर ठरवा.

दर तीन-चार गाण्यांनंतर एक मिनिटाची सायलेंट फाईल टाका (हे खरंच भारी काम करतं). त्या शांततेत श्वास ऐका, पाण्याचे दोन घोट घ्या, डोकं गरगरतंय का, मळमळतंय का, घामात असून अंगावर काटा येतोय का ते बघा. यातलं काहीही असेल तर गाणं कितीही मस्त असो, थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी मारा. कोणी बरळायला लागलं तर सरळ अँब्युलन्स बोलवा.

फुल जोर लावायच्या छोट्या टप्प्यांत तसंही गाण्यांनी दमणूक फारशी कमी जाणवत नाही. रस्त्यावर असाल तर एक कान मोकळा ठेवा.