फायरवॉल: कर्नलचं काम कुठे संपतं, युजरस्पेसचं कुठे सुरू होतं

लिनक्समध्ये नेटवर्कवरून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) आत घ्यायचं की टाकायचं हे कर्नलमधलं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातलं, नेटफिल्टर ठरवतं, आणि ते तिथेच ठरायला हवं. दर पॅकेटसाठी युजरस्पेसमध्ये, म्हणजे नेहमीचे प्रोग्रॅम चालतात तिथे, फेरी मारणं परवडत नाही. नियम लिहिणं, तपासणं आणि जपणं हे मात्र युजरस्पेसचं काम. कर्नलमधले नियम फक्त मेमरीत असतात, रीबूट झालं की गेले. २०१४ मध्ये ३.१३ कर्नलसोबत आलेल्या एनएफटेबल्स या नियम-व्यवस्थेत ही वाटणी स्पष्ट दिसते: ‘एनएफटी’ कमांड नियमांचा बाइटकोड (कर्नलला चालवता येतील अशा सूचना) बनवून नेटलिंक या कर्नलशी बोलायच्या वाटेवरून पाठवते, कर्नल तो चालवतो.

म्हणून सगळे नियम एकाच फाइलमध्ये ठेवा. टर्मिनलवरून जोडलेला नियम लगेच लागू होतो, पण फाइलमध्ये उतरत नाही. तो हरवल्याचं पुढच्या रीबूटला कळतं.

फाइलच्या सुरुवातीला जुने नियम पुसा, नाहीतर दुसऱ्यांदा लोड करताना तेच नियम पुन्हा जोडले जातात. सगळं पुसणारं ‘फ्लश रूलसेट’ सोपं आहे, पण ते डॉकर किंवा फायरवॉलडी अशा स्वतःचे नियम लावणाऱ्या प्रोग्रॅमचे नियमही उडवू शकतं. अशा मशीनवर आपलं टेबल (आपल्या नियमांचा गट) आधी घोषित करा, मग डिलीट करा, मग पूर्ण लिहा. घोषणा आधी एवढ्यासाठी, की नसलेलं टेबल डिलीट करताना एरर येते आणि अख्खी फाइल नाकारली जाते.

एक फाइल एका दमात लागू होते: सगळी, नाहीतर काहीच नाही. चालू मशीनवर हे वरदान आहे, कारण अर्धवट नियम कधीच लागत नाहीत. बूटच्या वेळी मात्र एक ओळ चुकली तरी मशीन उघडं राहतं. सर्वाधिक घात दोन गोष्टी करतात. पहिली, नियमात होस्टनेम लिहिणं: नावाचा आयपी पत्ता लोड करतानाच शोधला जातो, आणि तेव्हा नेटवर्क उभंच नसतं. दुसरी, ‘आयआयएफ’. नियमातला हा शब्द इंटरफेसचा (नेटवर्क जोडणीच्या दाराचा) क्रमांक धरतो. व्हीपीएनचा ‘टन०’ हा इंटरफेस अजून तयार नसेल तर लोड फसतं. तो बंद होऊन पुन्हा आला तर क्रमांक बदलतो आणि नियम गुपचूप निकामी होतो. तिथे ‘आयआयएफनेम’ वापरा, ते नाव जुळवून पाहतं. ‘आयआयएफ’ फक्त लूपबॅकसाठी (मशीन स्वतःशीच बोलतं त्या इंटरफेससाठी) ठेवा.

इनपुट चेनची, म्हणजे मशीनकडे येणाऱ्या पॅकेटांच्या नियमयादीची, पॉलिसी ड्रॉप ठेवा: कुठल्याच नियमात न बसलेलं पॅकेट टाकलं जाईल. मग परवानगीचे नियम या क्रमाने लिहा: आधी एस्टॅब्लिश्ड (आधीच सुरू असलेल्या) आणि रिलेटेड (त्यांच्याशी संबंधित) जोडण्या, मग लूपबॅक, मग आयसीएमपीव्ही६ची नेबर डिस्कव्हरी (आयपीव्ही६मध्ये शेजारची मशीन शोधण्याची पद्धत), मग एसएसएचचं, म्हणजे दूरून लॉगिन करायचं, पोर्ट २२. नेबर डिस्कव्हरी विसरलात तर आयपीव्ही६ थोड्याच वेळात बंद पडतं.

दूरच्या मशीनवर असाल तर चुकीच्या नियमाने स्वतःच बाहेर अडकू नये म्हणून आधी ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’चं आउटपुट (सध्याचे नियम) फाइलमध्ये घ्या आणि त्याच्या वर ‘फ्लश रूलसेट’ हाताने लिहा; आउटपुटमध्ये ते नसतं. ती फाइल १२० सेकंदांनी लोड होईल असा टायमर ‘सिस्टमडी-रन’ कमांडने लावा, म्हणजे काही बिघडलं तर जुने नियम आपोआप परत येतात. नवी फाइल ‘एनएफटी’ला ‘-सी’ घालून तपासा, मग लोड करा. आता दुसरी एसएसएच जोडणी उघडा. जुनी जोडणी चालू आहे यावर विसंबू नका, ती एस्टॅब्लिश्डच्या नियमावर तगलेली असते. नवी जोडणी झाली तरच टायमर थांबवा. शेवटी एकदा रीबूट करून कर्नलमधले नियम फाइलशी ताडून पाहा.