मुंबईच्या किनाऱ्यावर फिरताना या चुका टाळा

मुंबईत समुद्रावर फिरायला निघालेला माणूस लोकलची वेळ बघतो, पाऊस येणार का ते बघतो. भरती-ओहोटीची वेळ मात्र बघत नाही. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं दिसणाऱ्या चुकांपैकी बहुतेकींचं मूळ तिथेच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच.

वेळ न बघता खडकांवर उतरणं

आपल्या किनाऱ्याला दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी पाच वाजता खडक मोकळे होते म्हणून या रविवारीही असतील, हा हिशेब धोक्याचा आहे. आठवड्याभरात चित्र जवळजवळ उलटं होतं.

तिथी ठाऊक असली तरी बराच अंदाज येतो. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते. पुढच्या प्रत्येक तिथीला पाऊण तास वाढवत जायचं. पंचमीला पावणेचारच्या आसपास भरती, म्हणजे पावणेदहाच्या आसपास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फारसं चढत नाही की उतरत नाही.

आता यातला सापळा बघा. उधाणाच्या दिवशी पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. संध्याकाळी सहा म्हणजे सूर्यास्त बघायला येणाऱ्यांची वेळ. त्यांना समोर लांबपर्यंत उघडे खडक दिसतात, ते टोकाला जाऊन बसतात आणि त्याच घटकेला पाणी भरतीकडे वळलेलं असतं.

वांद्र्याच्या बँडस्टँडला एका जानेवारीत, अमावस्येच्या संध्याकाळी हे डोळ्यांदेखत घडलं. मी खडकांतली डबकी बघून परतत होतो आणि कॉलेजची चार-पाच मुलं टोकाकडे निघाली होती. पाणी वळलंय, आता आत जाऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. "काका, पाणी किती लांब आहे बघा ना," असं म्हणून ती पुढे गेली. मला घरी जावंसं वाटेना, म्हणून मी वर कठड्यापाशी थांबलो. आठ वाजून गेल्यावर अंधारात मोबाइलचे उजेड इकडे-तिकडे हलायला लागले. त्यांच्या खडकाला अजून पाणी लागलंही नव्हतं. पण खडक आणि किनारा यांच्यामधली घळ भरली होती. शेवटी तिथल्याच एका कोळी काकांनी दोर घेतला, पाय कुठे टेकतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि एकेकाला हात धरून बाहेर काढलं. मुलींच्या कमरेएवढं पाणी होतं. एकीचा तळवा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने उभा चिरला होता. आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, हे मला आजही मनात आणवत नाही.

पाणी समोरून पावलं टाकत येईल आणि आपल्याला दिसेल, ही समजूत आधी काढून टाका. बाहेरचे खडक बरेचदा उंच असतात आणि मागची घळ सखल असते, म्हणून ती आधी भरते. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. साधारण सहा तासांच्या चढणीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. उधाणाला मुंबईत ओहोटी आणि भरतीत ४ मीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे पहिल्या तासात जेमतेम फूटभर, आणि मधल्या दोन तासांत २ मीटर. पहिल्या तासातली ती संथ चढण बघून माणूस निर्धास्त होतो.

माझी सवय सांगतो. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास उतरायचं, पाण्याच्या मागे मागे जायचं आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की समोर काहीही दिसत असलं तरी परत फिरायचं. तक्त्यात वेळेबरोबर पाण्याच्या उंचीचा मीटरमधला आकडाही वाचा, कारण एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. डबकी बघायची असतील तर आकडा ०.५ च्या खाली हवा. पावसाळ्यात मी खडकांवर उतरतच नाही.

रोहित पक्षी बघायला कधीही जाणं

नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, हजारोंनी असतात. दरवर्षी कोणीतरी भर ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवर उभं राहून "गुलाबी ठिपके दिसले फक्त" म्हणत परततं. भरतीला आलेल्यांना नुसतं पाणीच दिसतं. पक्षी चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, त्यामुळे चिखल उघडा असेल तिथेच ते असतात. ओहोटी पूर्ण झाली की ते पाण्याच्या कडेने दूर जातात आणि भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. म्हणून भरतीच्या वेळेआधी दोन-तीन तास जाऊन शांत उभं राहायचं. पक्षी आपणहून जवळ येतात. घाईच्या माणसाला हे वाट बघणंच नको असतं आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

तो चिखलात उतरतो. हा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि तिवरांची टोकदार श्वसनमुळं चपलेतून वर येतात. नाहीतर थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवतो, खडे मारतो. हे बघून मला मनापासून राग येतो. चिखल उघडा असतो तेवढे काही तासच या पक्ष्यांना खायला मिळतात. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना कच्छच्या रणापर्यंत उडत जायचं असतं आणि त्यासाठी अंगात साठा लागतो. आपल्या एका फोटोसाठी थवा उठवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत आहे. जवळून बघायचे असतील तर ऐरोलीहून वनविभागाच्या बोटी भरती बघून सुटतात, त्यांत बसा.

मोठी लेन्स आधी आणि दुर्बीण नंतर, हा क्रमही उलटा करा. साधी ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. तिच्यातून चोच बघा. जवळजवळ काळपट गडद चोच असेल तर छोटा रोहित, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं असेल तर मोठा.

सायकल: वारा आणि मीठ

कोस्टल रोड, सी लिंक आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. तरी पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून घुसणारे असतात. घुसू नका.

मार्वेहून तरीने, म्हणजे फेरीबोटीने, मनोरी, तिथून गोराई, उत्तन, हा रस्ता मला सर्वांत आवडतो. नवखे तिथे हमखास दमतात ते वाऱ्याने. पहाटे मतलई वारा जमिनीवरून हलका वाहतो, ऊन तापलं की खारा वारा समुद्रावरून सुरू होतो, आणि हिवाळा-उन्हाळ्यात दुपारी तो बरेचदा वायव्येकडून जोरात येतो. पहाटेच उत्तरेकडे निघा, म्हणजे परतताना तो पाठीशी राहील. वाटेत बोंबील सुकवायच्या वलांडींना सायकल टेकवू नका, ते कोणाच्या तरी पोटाचं साधन आहे.

ओल्या वाळूवरून सायकल चालवायचा मोह मला कधी पटला नाही. चालवलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, साखळी कोरडी पुसा, मग तेल द्या. फवाऱ्याचा जोर लावलात तर खारी वाळू थेट बेअरिंगमध्ये जाते. न पुसता वर तेल ओतलंत तर वाळू आणि तेलाचा लेप साखळी खातो.

थोडक्यात उरलेलं

खडकांवर पकड असलेले बंद बूट घाला.

दगड उलटून बघितला तर तसाच परत ठेवा. खालचे जीव उन्हात मरतात.

रिकामे शंखही उचलू नका. शंखातल्या खेकड्यांना घर म्हणून तेच लागतात.

पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या सुमाराला, जुहू-गिरगावला वाळूवर ब्लू बॉटल नावाचे निळ्या फुग्यासारखे जीव येतात. मेलेला दिसला तरी डंख मारतो. लागला तर वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काडीने काढा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा. पाकट माशाचा (स्टिंग रे) काटा लागला तरीही गरम पाणीच, आणि मग ताबडतोब डॉक्टर. गढूळ उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट आधीच सरकून जातं.