पराभवानंतरची पत्रकार परिषद : प्रशिक्षकांसाठी काही सूचना

प्रशिक्षकाची जनमानसातली प्रतिमा मुख्यतः पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत ठरते, कारण विजयानंतर कॅमेरे खेळाडूंकडे वळतात आणि हरल्यावर जाब मात्र प्रशिक्षकालाच विचारला जातो. म्हणून सामना संपल्यापासून माईकसमोर बसेपर्यंतचा थोडा वेळ स्वतःसाठी राखून ठेवावा. संघाच्या माध्यम व्यवस्थापकासोबत बसून सर्वांत अडचणीचे प्रश्न काढावेत, उत्तरे मोठ्याने म्हणून पाहावीत आणि राग ओसरला नसेल, तर उत्तरे थोडक्यात आटोपायची हे आधीच ठरवावे.

समोर पत्रकार बसलेले असले, तरी प्रशिक्षकाचे खरे श्रोते ड्रेसिंग रूममध्ये असतात. "गोलरक्षकाने सामना घालवला" हे वाक्य काही मिनिटांत त्या खेळाडूच्या फोनवर पोहोचते. त्याऐवजी "कॉर्नरच्या वेळी आमच्या बचावाची आखणी फसली आणि ती आखणी माझी होती" असे म्हटले, तर चूकही मान्य होते आणि खेळाडूही उघडा पडत नाही. अर्थात, हे खरे असेल तरच म्हणावे. सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली चूक झाकायला गेल्यास पुढच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. मार्च १९९८ मध्ये बायर्न म्युनिक या जर्मन फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक जिओव्हानी त्रापातोनी पत्रकार परिषदेत आपल्याच खेळाडूंची नावे घेऊन कडाडले; त्यांच्या खाती मोठमोठी विजेतेपदे असूनही जर्मनीत त्या काही मिनिटांची आठवण आजही काढली जाते.

लेखी मजकुराबाबत तर अधिकच सावध राहावे. २००५ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी कर्णधार सौरव गांगुली यांच्याविषयी मंडळाला पाठवलेला ई-मेल फुटला आणि दोघांमधले मतभेद चव्हाट्यावर आले. व्यक्तीविषयीचे मत समोरासमोर सांगावे, लेखी अहवालात कामगिरीच्याच नोंदी ठेवाव्यात.

चुकीची बातमी आल्यास पत्रकाराशी किंवा संपादकाशी थेट बोलून, पुराव्यासह दुरुस्ती मागावी. बहिष्कार हा माझ्या मते सर्वांत महागडा उपाय आहे. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २००४ ते २०११ या काळात बीबीसीला मुलाखती दिल्या नाहीत, पण त्यांच्यामागे विजेतेपदांची रास होती. नवख्या प्रशिक्षकाने तोंड मिटले, तर त्याची बाजू नाराज खेळाडू आणि अनामिक 'सूत्रे' मांडू लागतात. खासगीत काही सांगायचेच असेल, तर ते छापायचे नाही हे बोलण्यापूर्वी स्पष्ट ठरवून घ्यावे. बोलून झाल्यावर केलेली विनंती पाळण्यास पत्रकार बांधील नसतो.